ताऊन म्हंजी ताव न्हाई

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजी पुढचं वाचताना तुमी दुसऱ्या कुणावर राग काढणार न्हाई. मोगलाईत, निजामाच्या राज्यात, सगळा सरकारी कारभार उर्दूत चालतो, आन मला उर्दू येतं ह्याचा मला लई तोरा होता. त्या तोऱ्यापायी आठ दिवसांची एक बाळंतीण गाठीच्या रोग्याशेजारी जाऊन पडली. तिला तिथनं कसं बाहेर काढलं, ते सांगायचंय. तीन वर्षं झाली ह्याला. अजून सांगायला बसलो की सगळं एका दमात बाहेर पडतं, मधीच काय तरी आठवतं आन मी मागं पळतो. तेवढं सांभाळून घ्या.

मी तवा एकवीस वर्षांचा होतो. सरकारी टोचणारा. देवी येऊ नये म्हणून लेकरांच्या दंडावर टोचायचं, हे माझं काम. लोक तोंडावर मला देवीडाक्टर म्हणायचे आन पाठीमागं टोच्या. मी गावात शिरलो की लेकरं गायब! एका घरी तर पोरगं कणगीत लपवलं होतं, जवारीच्या दाण्यात गळ्यापर्यंत. भुसा नाकात जाऊन शिंकलं म्हणून सापडलं. मी हसत हसत त्याला बाहेर ओढलं, टोचलं, वहीत नोंदलं. त्याची माय रडत होती. मला वाटायचं, रडू दे, सरकारचा हुकूम हाय आन भल्याचा हाय, अजून काय पाहिजे? तिला दोन शब्द समजावून सांगावं, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

असा मी.

उमापूरच्या अलीकडं एक गाव हाय. गावाचं नाव सांगत न्हाई, लोक अजून तिथंच राहतात. त्या साली इंग्रजी हद्दीत गाठीच्या तापानं, म्हंजी प्लेगनं, धुमाकूळ घातला होता. आमच्याकडनं नगरच्या बाजूला गाड्या जायच्या, तिकडनं माणसं यायची, हद्द काय भिंत घातलेली न्हाई. असाच एक घोंगडीवाला तिकडनं आला आन चावडीच्या ओट्यावर पडला. काखेत ही एवढी गाठ. मला बोलावलं, मी बघितलं, तालुक्याला कळवलं. दोन दिवसांत तहसीलचा कागद आला, संग एक जमादार आला. माळावर कुडाची एक लांब झोपडी उभी केली, मधी तट्टे लावले, घोंगडीवाल्याला उचलून तिथं नेलं. झोपडीभवती दोरी बांधली. दोरीच्या आत जायचं न्हाई, आतल्यानं बाहेर यायचं न्हाई.

आता तो कागद. घाईघाईत खरडलेली उर्दू, अक्षरांचे शेंडे एकमेकांत अडकलेले. जमादार बोलायचा उर्दू, पण त्याला वाचता येत न्हाई. पटवाऱ्याचा चष्मा फुटलेला. गावात वाचणारा मी एकटा. चावडीवर पंधरा-वीस माणसं गोळा झालेली, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. मी कागद उलगडला. त्यात एक शब्द आला, ताऊन. हा शब्द मी कवाच बघितला नव्हता. आमच्या शाळेच्या पुस्तकात मेवा होता, घोडा होता, बादशहा होता, ताऊन नव्हता. पण आमच्या घरी अंग तापलं की ताव आला म्हणतात. मला वाटलं, हैद्राबादवाले तावालाच थाटात ताऊन म्हणत असतील. एवढंच! विचारायला पाहिजे होतं कुणाला तरी. पण एवढ्या लोकांत मला येत न्हाई म्हणून कसं सांगायचं?

मी खडाखडा मराठी करून सांगितलं, "ज्याच्या घरी ताव असलेलं माणूस असंल त्याला वेगळं काढायचं, न्हाई काढलं तर घरधन्यावर गुन्हा."

दवंडीवाल्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "साधा ताव पण का?"

"कागदात साधा-बिधा काय न्हाई. ताव म्हंजी ताव."

त्यानं हलगी उचलली आन गावभर तेच ओरडत गेला. मी त्याच दुपारी पलीकडच्या गावाला गेलतो. तिथं कुणाला काय झालंय का ते बघायचं होतं, मुक्काम तिथंच पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आलो, तर माळावर दोरीजवळ एक बाई जमिनीवर बसलेली. बसलेली म्हंजी बैठकच मारलेली, जमादारानं उठ म्हणलं तरी उठत नव्हती. मला बघितल्या बघितल्या तिनं तोंड सोडलं.

"आला का टोच्या? ये. तुजी दवंडी ऐकून गाववाल्यांनी माजी सून आत टाकली. आठ दिस झाले बाळंत होऊन. तिला कावून टाकली ते सांग."

मी म्हणलो, "मामी, तिला ताव असंल."

"हाय की ताव! दिसाआड हीव भरतंय, गोधडी टाकली की घाम येतोय, उतरतोय. दर सालच्याला ह्या दिसांत निम्म्या गावाला येतोय. तुला न्हाई आला का कवा? का तू सरकारचा जावई म्हणून तुला माफ हाय?"

खरं सांगतो, दिसाआड हीव म्हणल्यावरच मला कळलं. साधा हिवताप! पण तोरा असा सहजी उतरत न्हाई. मी म्हणलो, "मामी, मी काय करू? हुकूम हाय. कायदा हाय."

"मंग वाच तुजा कायदा. मला ऐकू दे. माजी सून, माजा नातू, आन लेक माजा सरकीच्या गाड्या घिऊन गेलेला. घरात बाप्या माणूस न्हाई म्हणून कुणीबी उचलून न्यावं का? वाच! मला न्हाई कळलं तरी वाच!"

मी कागद काढला. तिला दिपवावं म्हणून मोठ्यानं, गळा लावून वाचायला लागलो. ताऊनपाशी आलो आन पुढं गेलो. जमादार दोरीला टेकून बिडी ओढत होता. तो एकदम वळला.

"रुको मियाँ. क्या बोले?"

"ताऊन."

"फिर बोलो."

"ताऊन. म्हंजी ताव. बुखार."

जमादार माझ्याकडं बघतच राहिला. बिडी त्याच्या बोटांत तशीच. मंग तो असा हसला की आतला घोंगडीवाला कण्हायचा थांबला असंल. "हौला हाय क्या बे तू? ताऊन बोले तो गिल्टी! गाठ! ये जो अंदर पड्या, उसकू जो हुआ वो! बुखारकू ताऊन कौन बोलता? तेरे उस्तादने क्या पढाया रे तेरेकू?"

ज्याला एक अक्षर वाचता येत न्हाई, त्यानं मला वाचायला शिकवलं.

म्हातारीला उर्दू येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "चुकलं न्हवं?"

"चुकलं, मामी."

"कुणाचं?"

"माझं."

मला वाटलं, आता शिव्या देईल, अंगावर माती फेकंल. ती उठून उभी राहिली, पदर खोचला आन म्हणली, "मंग काढ तिला भाईर."

माझ्या तोंडातनं निघालंच होतं, चला, न्या घरी. शब्द ओठावर आलेला. आन तिथंच मी थांबलो. कारण ती बाई काल दुपारपासून त्या झोपडीत होती. मधी तट्टे होते खरे, पण तट्ट्यानं काय थांबतंय? कालपर्यंत तिला नुसता हिवताप होता. आता ती आन लेकरू गाठीच्या माणसाजवळ रात्र काढून आले होते. तिला तशीच घरी पाठवली आन तिच्यासंग काय गावात शिरलं तर? काल एक चूक करून तिला आत घातलं, आज घाई करून दुसरी करायची का? कायदा म्हणत होता, हिला इथं ठेवायचं काहीच कारण न्हाई. आन माझं मन म्हणत होतं, इथं ठेवायची न्हाई, पण गावातबी न्यायची न्हाई. ह्या दोन्हीच्या मधली जागा कागदात कुठं होती?

मी म्हणलो, "जमादारसाब, तिला इथनं तर हलवायलाच पाहिजे."

त्याचं हसू गेलं. "नक्को. ये नई होता."

"पण तुमीच म्हणला ना, ताऊन म्हंजी..."

"वो मैं बोल्या. मेरा बोलना कागज हाय क्या? अंदर गये सो तहसील का कागज आये बगैर बाहर नक्को. मेरेकू यहीच हुकूम हाय. तहसीलदारसाब दौरे पे हैं, चार दिन में आयेंगे. तब तक कोई नई हिलता."

"चार दिवस? त्या घोंगडीवाल्याशेजारी?"

"मैं नई डाल्या उसकू वहाँ. तूच डाल्या."

खरं होतं.

एवढ्यात झोपडीतनं आवाज आला. "काय कालवा लावलाय रे? लेकरू आत्ता डोळा लावतंय."

गावची सुईण! ती आत आहे हे मला माहीतच नव्हतं. काल बाळंतिणीला उचलून नेलं तवा तिच्यामागं ती बी आत गेली, टोपल्यात शेक-शेगडी घेऊन. जमादारानं अडवलं न्हाई, कारण कागदात सुइणीचं काय लिहिलंच नव्हतं! साठीची बाई, पण आवाज असा की बैल बुजावा. ती कुडाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं सांगितलं, चूक बी सांगितली. तिनं ऐकून घेतलं आन मला म्हणली, "टोच्या, तुज्या कागदात काय करा म्हणून लिवलंय? ताऊनवाल्याला? नीट वाच. आता तरी नीट वाच."

मी वाचलं. एकेक अक्षर बोटानं धरून वाचलं. "अलाहिदा मकान में रखा जाए."

"म्हंजी?"

"अलाहिदा म्हंजी वेगळं. वेगळ्या जागेत ठेवावं."

"ही झोपडी वेगळी हाय का?" ती माझ्यावर खेकसली. "हितं चार तट्ट्यांत तो घोंगडीवाला, तावाचे दोन गडी, ही बाळंतीण, एक लेकरू आन मी. ह्याला वेगळं म्हणतोस? आरं, आमच्यात बाळंतीण बारा दिस कुणाच्या अंगाला लागत न्हाई. तिच्या खोलीत माज्याबिगर कुत्रं जात न्हाई. तिचं ताट वेगळं, हातरूण वेगळं, दाराला लिंबाचा डहाळा. सरकारला आत्ता सुचलं, आमी कवाचं करतोय. तिला तशीच वेगळी ठिवा. गावात नगं, हितंबी नगं. तिच्या सासूचं रान हाय न्हवं वढ्यापल्याड? खोप घाला, मी राहते तिच्याजवळ."

आहा! मला त्या सुइणीच्या पाया पडावंसं वाटलं, पण दोरी मधी होती.

मी जमादाराकडं वळलो. आता माझ्या हातात नुसती दया नव्हती, कागद होता. "जमादारसाब, हुकमात अलाहिदा लिहिलंय. ह्या झोपडीत सगळे एकत्र हायत. म्हंजी हुकूम आत्ता मोडतोय का मी तिला हलवल्यावर मोडल?"

तो कपाळाला आठ्या घालून बसला. मंग म्हणला, "साब पूछेंगे तो?"

"मी लिहून देतो. माझ्या सहीनं. सगळं माझ्यावर. तुमी मला अडवलं, मी ऐकलं न्हाई, असं बी लिहितो."

"नौकरी जाती, मियाँ."

"जाऊ द्या."

हे मी पटकन बोलून गेलो, नोकरीचा विचार घरी गेल्यावर केला. तवा डोक्यात एकच होतं, ती बाई आज, दिवस मावळायच्या आत, तिथनं निघाली पाहिजे. मी तिथंच दगडावर कागद ठेवून लिहिलं, उर्दूत, जमेल तसं. जमादारानं ते घडी करून पगडीत खोचलं आन दोरी एका हातानं वर उचलली. तोंडानं हो म्हणला न्हाई. दोरी उचलली, बस.

दुपारपर्यंत ओढ्यापलीकडं, बांधावरच्या लिंबाखाली कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी राहिली. सासूनं आन तिच्या भावकीनं घातली. मी बाकी दोघांसाठी बी त्यांच्या त्यांच्या रानात असंच करायला लावलं. दोन गडी होते, दोघांना हिवताप. बाळंतीण चालत गेली. मी गाडीचं म्हणलं, तर सुईण म्हणली गाडी परत गावात आणावी लागंल, नगं. किती विचार करत होती ती! बाळंतीण एका हातात लेकरू, दुसरा हात सुइणीच्या खांद्यावर, दर दहा पावलांना थांबत. अंगात ताप फणफणलेला. मी वीस हात मागनं चाललो होतो. तिनं एकदाच मागं वळून बघितलं.

दवाखान्यातनं हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणल्या. लांबनं ठेवायच्या, सुइणीनं उचलायच्या. कोयनेल कडू जहर, आन सुईण म्हणायची, "आईच्या दुधात कडू उतरंल."

मी म्हणायचो, "उतरू द्या, मावशे, ताप उतरला पाहिजे."

"तुला कधी पाजायला लागलं का?" की मी पुड्या ठेवून मागं फिरायचो.

तिसऱ्या दिवशी एक अवघड गोष्ट झाली. गावातली एक बाई अडली. नवरा पळत बांधावर आला आन सुइणीला चल म्हणायला लागला. सुईण उठलीच. मी वाटेत उभा राहिलो.

"मावशे, नका जाऊ."

"कावून? मला कुठं कायद्यानं धरलंय? तुज्या कागदात माजं नाव हाय का?"

"न्हाई. कायदा तुमाला अडवत न्हाई."

"मंग तू कावून अडवतो?"

"मी अडवत न्हाई, मावशे. इनंती करतो. तुमी ती एक रात्र त्या झोपडीत होता. तुमच्या हाताला, लुगड्याला काय लागलंय ते मला कळत न्हाई आन तुमाला बी. अडलेल्या बाईजवळ तुमी जाणार. तुमीच सांगा, जावं का?"

मी काय सांगू, चाळीस वर्षांत बोलावणं आलं आन ती गेली न्हाई असं कधी झालं नव्हतं. तिनं हात बघितले, दोन्ही, उलटेसुलटे. मंग त्या नवऱ्याला बांधापलीकडनं ओरडून सांगितलं, कुणाला बोलवायचं, कसं बसवायचं, पोटावर कुठं हात ठेवायचा, काय करायचं न्हाई. सगळं दोनदा. तिसऱ्यांदा त्याच्याकडनं वदवून घेतलं. तो पळत गेला. मंग ती खोपीत गेली न्हाई, बांधावरच बसून राहिली, गावाकडं तोंड करून. दुपारी निरोप आला, सुटली, मुलगी झाली. तवा ती उठली आन मला म्हणली, "ह्ये तुज्या तोंडाकडं बघून न्हाई केलं, टोच्या."

आन घोंगडीवाला? त्याचं सांगितलं पाहिजे. हुकमात त्याला कुठं ठेवायचं ते लिहिलं होतं, पाणी कुणी पाजायचं ते लिहिलं नव्हतं. गावातला एक माणूस दोरीजवळ यायला तयार नव्हता. मी सकाळ-संध्याकाळ जायचो. नाकातोंडाला फडकं बांधून गाडगं आत सरकवायचो, त्याच्या तोंडापर्यंत जायचं तर भ्यायचोच. खोटं कशाला सांगू? चौथ्या दिवशी गेलो तर जमादार आत! त्याच्या उशाशी बसलेला, आन कापसाच्या बोळ्यानं त्याच्या ओठावर पाणी सोडत होता.

मी बाहेरनं म्हणलो, "जमादारसाब, कागदात तुमाला आत जायचा हुकूम न्हाई."

तो न बघताच म्हणला, "कागज में पानी का नई लिख्या, हौले. प्यास तो लगतीच ना."

संध्याकाळी घोंगडीवाला गेला. जमादारानंच खड्डा खणवून घेतला आन मंग स्वतः वेगळ्या तंबूत राहिला, कुणी न सांगता.

पाचव्या दिवशी तहसीलदारसाहेब आले. घोड्यावरनं उतरले, चावडीवर बसले, जमादारानं पगडीतला माझा कागद लांबनं ठेवला, तो त्यांच्या हातात गेला. वाचता वाचता त्यांची भुवई एकदा वर गेली, ताऊनपाशीच असणार. ते मराठी चांगलं बोलायचे.

"हे तुमी लिहिलं?"

"जी."

"वाचता न येणारा शब्द वाचला. त्यावर दवंडी दिली. लोकांना घरातनं काढलं. मंग माझ्या परवानगीशिवाय हलवलं. ह्यातलं कुठलं नाकारता?"

"कुठलंच न्हाई, साहेब. पण हलवलं ते चूक न्हाई."

साहेब म्हणले, "तुमाला ते ठरवायचा अधिकार कुणी दिला?"

"कुणीच न्हाई. पण साहेब, कुणी तरी ठरवायला पाहिजे होतं आन तिथं मीच होतो. तुमी चार दिवसांनी येणार होता. ती बाई चार दिवस थांबली असती, पण गाठ थांबली नसती. हुकूम माणसं वाचावीत म्हणूनच काढलाय ना? मी त्या हुकमाचा जो अर्थ आधी लावला त्यात माणसं मरत होती. नंतर लावला त्यात वाचत होती. शिक्षा पहिल्याची द्या, मी घेतो. दुसऱ्याची दिली तरी घेतो, पण तिला परत त्या झोपडीत नेऊ नका."

पटवारी मागनं माझा सदरा ओढत होता. पण मी थांबलो न्हाई, थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं.

साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. मंग लिहिलं. मला सहा महिने कामावरनं कमी केलं. बाळंतीण आन ते दोघं गडी जिथं हायत तिथंच दहा दिवस राहावेत, अंगावर गाठ दिसली न्हाई तर घरी जावं, जाताना तहसीलचा कागद मिळंल. आन दवंडी परत द्यावी, खऱ्या अर्थाची.

दवंडीचं काम मी मागून घेतलं. नोकरी नव्हती, तरी मागून घेतलं. हलगीवाल्या म्हाताऱ्याला चावडीवर बसवलं आन म्हणलो, मी सांगतो, तुमी मला उलटं सांगायचं. काखेत, जांघेत, मानेला दुखरी गाठ आन संग ताप, असं माणूस असंल तर कळवा. नुसता ताव असंल तर कळवायची गरज न्हाई, कोयनेल न्या. त्यानं म्हणून दाखवलं. मंग मी रस्त्यातनं जाणारी एक बाई थांबवली, तिला ऐकवलं, विचारलं, तुमाला काय कळलं? ती म्हणली, "गाठ आली की तुमाला सांगायचं आन तुमी उचलून नेणार." मी म्हणलो, न्हाई, वेगळं ठेवणार, तुमच्याच रानात, तुमचं माणूस जवळ राहील. हे बी दवंडीत घातलं. दवंडी लांबली, म्हातारा कुरकुरला, घसा बसंल म्हणला. मी त्याच्यासंग फिरलो, अर्धी मी ओरडलो. पोरं मागं लागली, टोच्या ओरडतोय, टोच्या ओरडतोय! ओरडू द्या, म्हणलं. लोकांना कळलं पाहिजे.

मी रोज खोपीवर जायचो. सरकारी पट्टा न्हाई, वही न्हाई, नुसता मी. पहिले दिवस बाळंतीण माझ्याशी बोललीच न्हाई. सुईण तिची काख, मान बघायची आन बांधावरनं ओरडून सांगायची, काय न्हाई. दिसाआडचं हीव तिसऱ्या पाळीला हलकं झालं, चौथ्याला आलंच न्हाई. लेकरू अंग धरायला लागलं. बोलायचं न्हाई तर न्हाई, मी दुसऱ्या दिवशी परत जायचो. तिनं हाकलंपर्यंत जायचं ठरवलं होतं.

दहावा दिवस उलटला. अकराव्या दिवशी सकाळी जमादार तहसीलचा कागद घेऊन आला आन मला घरनं उठवून संग घेऊन गेला, कारण वाचणार कोण? सासू आधीच बांधावर येऊन बसली होती, सुनेचं गाठोडं बांधून तयार. जमादार लांबनंच आनंदानं ओरडला, "चलो बहन, घर चलो, हुकूम आया!"

सासू उठली. सुईण उठली. ती उठली न्हाई. लेकराला मांडीवर घेऊन खोपीच्या तोंडाशी बसली होती, तशीच बसून राहिली.

"आधी वाचा," ती म्हणली.

सासू म्हणली, "अगं, सुटका झाली, आता काय वाचायचं?"

"न्हाई. मला आणली तवा कुणी वाचून दावलं न्हाई. मी विचारलं, काय झालंय मला? कुणी सांगितलं न्हाई. आता जाताना वाचून दावा, मंग मी पाय काढते."

सासूनं जमादाराकडं बघितलं, जमादारानं माझ्याकडं. मी पुढं झालो, बांधाला लागून मातीत बसलो आन कागद उघडला. एक ओळ उर्दूत, तीच मराठीत. एकेक शब्द. घाई केली न्हाई, मला घाई करायची लई सवय हाय, पण केली न्हाई. तिचं नाव आलं, नवऱ्याचं नाव आलं, गाव आलं. मंग इजाजत आला.

"इजाजत म्हंजी?"

"परवानगी."

"कशाची?"

"घरी जायची."

"माज्या घरी जायची मला परवानगी?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कागदात तोंड खुपसावं वाटलं. पण ती हसली न्हाई, रडली न्हाई. लेकरू कुरबुरलं, तिनं ते खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं.

"वाचा पुढं," ती म्हणली. "शिक्क्यापर्यंत वाचा. एक अक्षर सोडू नगा."